आठ पावलांवरचं माहेर

माझे कान तिखट आहेत आणि जीभही. कंपाउंडरच्या धंद्यात पहिली गोष्ट उपयोगी पडते, दुसरी नाही. हे मला सगळे सांगत आले होते, पण मला ते पटलं त्या हिवाळ्यात, पवनेच्या धरणात पाणी साठलं त्याच्या पुढच्या वर्षी.

लोणावळ्यात बाजारामागच्या गल्लीत आमच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. दवाखाना म्हणजे पुढे ओटा, त्यावर रोग्यांचा बाक, आत बाईंची खोली, आणि या दोघांच्या मधे माझी औषधांची खोली. माझ्या खोलीला दोन खिडक्या. एक ओट्यावर उघडायची, तिच्यातून मी बाटल्या द्यायचो. दुसरी फळ्यांच्या भिंतीत, हातभर रुंद. तिच्यातून बाई मला चिठ्ठी सरकवायच्या. तपासायच्या खोलीतलं बोलणं त्या खिडकीतून स्पष्ट ऐकू यायचं. मी ऐकू नये असा नियम होता आणि मी ऐकत असे.

बाईंना त्या वर्षी एक नवं खूळ लागलं होतं. खूळ हा माझा शब्द. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं होतं की पोटुशी बाईचं वजन बघतो, पायावरची सूज बघतो, तसं तिचं मनही बघायला हवं. आणि मन बघायचं तर तिला बोलू द्यायला हवं, मधे तोंड न घालता.

मी म्हटलं, "बाई, आपल्याकडे बायका कमी बोलतात की काय?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "खूप बोलतात. स्वतःविषयी बोलताना ऐकलंय कधी, सीताराम?"

ऐकलं नव्हतं. पण कबूल करायचा माझा स्वभाव नाही.

खूळ म्हणालो, तरी त्यामागे कोण होतं ते मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी एक बाळंतीण पोराला जवळ घेईना, भिंतीकडे तोंड करून पडून राही. बाईंनी तिला टॉनिकं दिली, इंजेक्शनं दिली. ती घरी गेली आणि महिन्याभरात तिची वाईट बातमी आली. त्यानंतर दोन दिवस बाई दवाखान्यात आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या थेट कामाला लागल्या, त्या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हणून त्यांच्या खुळाला मी नावं ठेवायचो ती फक्त तोंडावर.

मंगळवारी दुपारी दवाखाना बंद असे. तो वेळ बाईंनी यासाठी ठेवला. पण नुसतं बोलायला दवाखान्यात कोण येणार? घरी गेल्यावर सासू विचारणार, काय औषध दिलं? काहीच नाही म्हटलं की पुढच्या मंगळवारी गाडीभाडं कोण देतंय! मग बाईंनी मला एक मिक्स्चर करायला लावलं. साखरेचा पाक, बडीशेपेचा अर्क आणि थोडा गुलाबी रंग. त्या काळी रोगी घरून बाटली आणत. मी ती भरायचो, कागदाची पट्टी दुमडून डोसांच्या खुणा कातरायचो आणि बाटलीला डकवून द्यायचो. पट्टी पाहिली की घरच्यांचा विश्वास बसे.

मुक्ताबाई पहिल्यांदा आल्या त्या सुनेला घेऊन, शुक्रवारी, भर गर्दीत. भाजे गावच्या. घरची चार-पाच एकर भातशेती, एकुलता एक मुलगा हौशीराम, आणि आवाज असा की मळवलीच्या फलाटावरून हाक मारली तर लोणावळ्याला ऐकू जावी. सून त्यांच्या मागे उभी होती. हिरा तिचं नाव. वीस-एकवीस वर्षांची, उंच, आणि पाचवा महिना संपला तरी पोट सोडून बाकी सगळी वाळलेली.

"जेवत न्हाई, बाई. लय झालं तर अर्धी भाकर. बोलत बी न्हाई. इचारलं तर मान हालवती. घरात काय कमी हाय का? दूध हाय, तूप हाय. पोरगा माझा तोंडातून शिवी काढत न्हाई. बाहेरचं म्हनून अंगारा बी लावून झाला. आता तुमीच बघा."

बाईंनी तपासलं. रक्त थोडं कमी, बाकी सगळं ठीक. बाळ चांगलं हलत होतं. "मंगळवारी दुपारी घेऊन या," बाई म्हणाल्या. "अर्धा-पाऊण तास लागेल. सहा-सात मंगळवार."

"कसलं इंजिक्शन हाय का?"

"बाटली देऊ," बाईंनी सांगितलं, आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

मंगळवारी त्या आल्या. बाईंनी मुक्ताबाईंना ओट्यावरच्या बाकावर बसवलं आणि हिराला आत घेतलं. आत काय करतात याची मला फार उत्सुकता होती. बाईंनी टेबलामागची खुर्ची सोडली, गळ्यातली नळी काढून ठेवली आणि तपासायच्या उंच पलंगावर हिराच्या शेजारी जाऊन बसल्या. दोघींचे पाय लोंबकळत होते. सांगितलं, "हिरा, इथं तू बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही. बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस. मी आहे बसलेली." आणि खरंच बसून राहिल्या. अर्धा तास! मी अलीकडे उभा राहून घामाघूम झालो. माझ्याच्यानं तर दोन मिनिटं गप्प बसवत नाही.

दुसऱ्या मंगळवारीही तेच. फक्त शेवटी हिरानं विचारलं, "बाई, तुमचं म्हायेर कुटं?"

"नगरकडे," बाई म्हणाल्या. "आता कोणी नाही तिथं. घर विकलं."

हिरानं मान हलवली. तेवढंच.

इकडे ओट्यावर मुक्ताबाई अर्धा तास गप्प बसणार कशाला? त्यांना मी होतो. मला त्यांच्या घरचा इतिहास, भूगोल आणि हवामान तीन आठवड्यांत पाठ झालं. त्यात एक विषय पुन्हा पुन्हा यायचा, तो म्हणजे व्याह्यांचं नवं घर. हिराचं माहेर पवनेच्या काठचं. गाव धरणात गेलं. हिराचे वडील, रखमाजी, त्यानंतर दोनदा भाज्याला येऊन गेले आणि सांगून गेले की वरच्या अंगाला नवं घर बांधलंय, पत्र्याचं, तीन खणांचं. लेकीच्या बाळंतपणाची खोली वेगळी काढलीय. सातवा लागला की मुराळी होऊन मीच न्यायला येतो.

"पत्र्याचं घर, कंपौंडर! आमच्याकडं अजून कौलं हायती. येकदा जाऊन बघायचं म्हनते, पर भाताची कापनी, झोडनी, कुटं सवड गावती? आता नातवाच्या बारशालाच जाईन, आनि पोटभर बघीन."

बाकावर आणखी कोणी असलं तर त्यांनाही हे ऐकावं लागे. व्याह्यांच्या पत्र्याचा मुक्ताबाईंना इतका अभिमान होता की जणू त्यांनीच खिळे ठोकले होते.

तिसऱ्या मंगळवारी हिरा बोलली.

बाईंनी काहीच विचारलं नव्हतं. दोघी बसल्या होत्या आणि एकदम तिचं बोलणं सुरू झालं. सुरुवातीला इतकं हळू की मला खिडकीला कान लावावा लागला. हो, लावला. ती म्हणाली, डोळे मिटले की घर दिसतं. पाण्यातलं. चुलीवर पाणी, दळणाच्या जात्यावर पाणी. मधल्या खोलीचा तो कोपरा, जिथं तिची आजी बाळंत झाली, आई झाली, ती स्वतः जन्मली. लहानपणापासून तिला माहीत होतं की आपणही इथंच येणार. त्या कोपऱ्यात बाज टाकलेली दिसते आणि बाजेखालून पाणी चढत येतं.

"ते गेलं ते गेलं, बाई. सगळ्या गावाचंच गेलं. पर नवं घर बी न्हाई. बा खोटं बोलला. आमी लगीन लावून दिलेली लेक, आमचं काय ऱ्हायलं न्हाई हे यीनबाईला कसं सांगायचं, म्हनून बोलला. चार बांबू हायती आनि वर गोनपाटं. थोरला भाऊ बायकोला घिऊन पिंपरीला गेला कामाला. आये आनि बा दोघंच हायती. आता सातवा लागंल. गेले तर आत्याबाई बारशाला येतील आनि बाचं नाक कापलं जाईल. न्हाई म्हनावं तर का न्हाई? काय सांगू? माझ्या बाला खोटारडा म्हनू? आनि बाई, मला लय भ्या वाटतं. बाळंतपनात वरडायचं असंल तर मी कुटं वरडू? हितं सासर. तितं गोनपाट. घास घशाखाली उतरत न्हाई."

मग ती रडली. बाईंनी तिला थांबवलं नाही, समजूत घातली नाही, तू असं कर तसं कर असं एक अक्षर काढलं नाही. फक्त तिचा हात हातात घेऊन बसल्या. मला रडणारी माणसं बघवत नाहीत आणि रडू आलं की मला राग येतो, हा माझा जुना दोष.

तो राग घेऊन मी ओट्याकडच्या खिडकीशी आलो, बाटली भरायला. बाकावर खंडाळ्याची कुणी बाई गाडीची वेळ होईपर्यंत टेकली होती आणि मुक्ताबाई तिला सांगत होत्या, "आमच्या यीनबाईंचं काय, पत्र्याचं घर! बाळंतपनाला येगळी खोली—"

"कसलं घर आणि कसली खोली, मावशी!" मी म्हणालो. "गोणपाट लावून राहतात ते चार बांबूंवर. ती पोर आत त्यापायी रडतेय!"

शब्द तोंडातून सुटले आणि मला कळलं मी काय केलं ते. कळून काय उपयोग? मुक्ताबाईंचं तोंड उघडं होतं तसंच राहिलं. मी त्यांना पहिल्यांदाच गप्प बघत होतो. त्या उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि दारात जाऊन म्हणाल्या, "हिरा, चल. गाडी चुकंल."

हिरा डोळे पुसत बाहेर आली. सासूकडे पाहिलं, फळ्यांतल्या खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. भरलेली बाटली माझ्या हातात राहिली.

पुढच्या मंगळवारी तीन वाजले, साडेतीन वाजले. बाई पलंगावर एकट्याच बसून होत्या. चार वाजता मी आत गेलो आणि सांगितलं. सगळं. कान लावला तेही.

बाई ओरडल्या नाहीत. पलंगावरून उतरून खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "सीताराम, विषाची बाटली तुम्ही वरच्या फळीवर कुलपात ठेवता. का ठेवता?"

"कुणाच्या हाती लागू नये म्हणून."

"तिनं माझ्याकडे तसंच काहीतरी ठेवायला दिलं होतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ती जेवणं साफ बंद करील आता. तिच्या वडिलांची अब्रू तिच्या बोलण्यामुळे गेली असं तिला वाटणार. सासू जाऊन भांडेल, सोयरीक तुटायची वेळ येईल, आणि ही पोर दोन्हीकडची नाही उरणार. उद्या भाज्याला जा."

"जाऊन काय करू?"

"ते मला माहीत नाही. बाटली द्यायला आलो म्हणा. बघा तरी ती कशी आहे."

त्या संध्याकाळी मी आधी एक फळी आणली आणि ती मधली खिडकी खिळे मारून बंद केली. बाई बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरनं मळवलीला उतरलो आणि भाज्याची वाट धरली. शेतं कापून मोकळी झाली होती, खळ्यांवर पेंढ्याच्या गंजी होत्या, ऊन छान होतं. मला त्यातलं काही गोड लागत नव्हतं. वाटेत मी मनातल्या मनात दहा तऱ्हेनं माफी मागून पाहिली आणि दहाही तऱ्हा मला बेगडी वाटल्या.

मुक्ताबाईंच्या अंगणात पाऊल टाकलं आणि तिथंच थबकलो. घराच्या उजव्या अंगाची पडवी, जिथं नांगर, इरली असलं सामान असायचं, ती रिकामी केलेली. हौशीराम कोपऱ्यात मातीची नवी चूल घालत होता. मुक्ताबाई शेणानं जमीन सारवत होत्या. घराच्या आणि पडवीच्या मधलं दार बाहेरून आडव्या लाकडानं बंद केलेलं. मला वाटलं, झालं. सुनेला वेगळी काढली. माझ्या जिभेनं हे केलं.

"मावशी," मी म्हणालो, "चूक माझी आहे. पोरीची नाही. तिला शिक्षा—"

मुक्ताबाई उठल्या. सारवणाचे हात तसेच घेऊन त्यांनी मला खुणेनं गंजीमागे नेलं. आणि त्या बाईनं, जिचा आवाज दोन स्टेशनं ऐकू जावा, कुजबुजत्या आवाजात माझी हजेरी घेतली.

"कंपौंडर, तुमाला लाज हाय का? पोरगी बंद खोलीत कायतरी बोलली आनि तुमी ते रस्त्यावर वतलं. ती खंडाळ्याची बाई बसली हुती शेजारी! कोन कुटली!"

"चुकलं, मावशी."

"चुकलंच. आता नीट ऐका. तुमी मला कायबी सांगितलेलं न्हाई. मी कायबी ऐकलेलं न्हाई. कळलं?"

मला कळलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं.

आदल्या रविवारी त्या पहाटेच निघाल्या, लोहगडाच्या खिंडीतून पलीकडे उतरल्या, एकट्या. धरणाच्या वरच्या अंगाला वाटेवरूनच त्यांना ते दिसलं. चार बांबू, गोणपाट, आणि बाहेर तीन दगडांवर तवा ठेवून भाकरी भाजणारी विहीण, सरुबाई. मुक्ताबाई तिथूनच मागे फिरल्या. खाली सडकेला उंबराच्या झाडाखाली जाऊन बसल्या आणि तिथून हाक मारली. ती हाक डोंगराला ऐकू गेली असणार यात मला शंका नाही.

"रखमाजी पळत आलं. मुंडासं गुंडाळत. तोंडावर रगत न्हाई. म्हनालं, चला घरी, यीनबाई. पर त्यांचं डोळं म्हनत हुतं, नका येऊ. मी म्हनलं, व्याही, माझं गुडघं गेलं खिंडीत, आता मला चढ चढवायची न्हाई. घर पुढच्या टायमाला बघीन. हितंच बसू."

"मग?"

"मग काय! मी म्हनलं, डाक्टरीनबाईनं सांगितलंय, पोर वजनदार हाय, बाळंतपन आगगाडीपासनं लांब नगं. हिराला म्हायेरी धाडता यायची न्हाई. तवा सरुबाईंनाच तीन म्हयने माझ्याकडं धाडा. माझ्यावर उपकार हुतील."

"ते कबूल झाले?"

"कशाचं! हात जोडलं. म्हनालं, लेकीला मूल हुईस्तवर आमी तिच्या घरचं पानी बी पीत न्हाई, तितं आयेनं तीन म्हयने ऱ्हायाचं? आनि त्यांचं बी खरं हाय, आमच्यातली रीतच हाय ती. मी बी पाळलीया." मुक्ताबाईंनी हाताचं सारवण गवताला पुसलं. "तवा मी म्हनलं, कुनाच्या घरचं? माझ्या घराची उजवी पडवी तीन म्हयने तुमची. चूल तुमची, तांदूळ तुमचं, मधलं दार बंद. तुमची लेक तुमच्या घरी बाळंत हुईल. मी बारशाला यीन तवा आवतान धाडा."

मग मुक्ताबाई म्हणाल्या, आणखी हळू, "लय बडबड केली मी त्या पत्र्याची. येवढी केली की त्या मानसाला खरं बोलायला जागाच ठिवली न्हाई. पोरगी ऐकत हुती समदं, रोज."

"मावशी, तुम्हाला सगळं कळलंय हे हिराला ठाऊक आहे?"

"तिनं इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. गाडीत बसल्यावर येवढंच म्हनलं, त्यो कंपौंडर येडा हाय, त्याचं काय मनावर घ्यायचं न्हाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आनि तुमच्या बाईंना सांगा, त्यांच्या नावानं मी खोटं बोललेय. सांबाळून घ्या म्हनावं."

परत येऊन मी बाईंना सांगितलं. बाई खोटं बोलण्याच्या बाबतीत फार कडक. गुलाबी मिक्स्चरसुद्धा त्यांना टोचायचं. त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाठ करून.

"बाळ वजनदार आहे, असं मी म्हणाले?"

"तुम्ही म्हणालात, बाई."

"मग म्हणालेच असेन," त्या म्हणाल्या आणि नाक ओढलं.

पुढच्या मंगळवारी हिरा आली. माझ्याकडे न बघता आत गेली. मी ओट्यावर येऊन मुक्ताबाईंच्या शेजारी बसलो आणि पाऊण तास त्यांच्या म्हशीविषयी ऐकलं. आत ती किती बोलली, काय बोलली, मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा बंद केलेल्या खिडकीवरची नवी फळी तिनं पाहिली. बाटली घेताना म्हणाली, "भाऊ, पट्टी वाकडी लागलीया." ती माझ्याशी बोललेली पहिली गोष्ट. मी पट्टी काढून पुन्हा सरळ लावली, आणि मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी खोकलो.

सातवा लागला तेव्हा मुक्ताबाईंनी आम्हा दोघांना बोलावणं धाडलं. बाई सहसा कुठे जात नसत. गेल्या.

अंगणात दहा-बारा बायका होत्या. रखमाजी मुराळी होऊन आले होते. धुतलेलं धोतर, डोक्याला नवं मुंडासं, हातात लेकीसाठी आणलेलं लुगडं. म्हातारा ताठ उभा होता. सरुबाई आधीच पडवीत शिरल्या होत्या, कारण लेक माहेरी येणार तर आईनं घरात असायला नको का! हिराची ओटी भरली. तळहातावर दही ठेवलं. मुक्ताबाईंनी भाकरी, ठेचा, कांदा असं फडक्यात बांधून शिदोरी दिली.

"वाटंत भूक लागंल," त्या गंभीरपणे म्हणाल्या.

एक बाई फिसकन हसली. मुक्ताबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा हसली नाही.

मग हिरा सासूच्या पाया पडली आणि मुक्ताबाईंचा बांध फुटला. सून दूर देशी चालल्यासारख्या त्या रडल्या, तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली, "सांबाळून ऱ्हा गं, खात जा, माझी आठवन काढू नगंस," म्हणाल्या. त्यात नाटक किती आणि खरं किती ते मला सांगता येणार नाही. त्यांनाही सांगता आलं नसतं. रखमाजींनी लेकीचा हात धरला आणि निघाले. पुढच्या दारापासून पडवीच्या पायरीपर्यंत. मी पावलं मोजली. आठ.

पायरीशी सरुबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीच्या पायांवर पाणी घातलं आणि तिला आत घेतलं. मला बाहेरून एवढंच दिसलं की कोपऱ्यात बाज टाकली होती. हिरा तिच्यावर बसली, मग आडवी झाली, आणि सरुबाईंनी तिच्या अंगावर वाकळ घातली. भर दुपारी, एवढी माणसं दारात असताना. सासरच्या घरात ती कधी अशी आडवी झाली नसेल. रखमाजी पायरीवर बसले आणि मुंडासं काढून त्यातच तोंड पुसू लागले. बाई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या, तशाच, काही न बोलता.

बायका पांगल्या. ऊन कलायला लागलं. मुक्ताबाई पुढच्या दारी आमच्यासाठी चहाची तयारी करत होत्या. हंड्यात डोकावल्या, हंडा रिकामा. त्यांनी नेहमीच्या सवयीनं, नेहमीच्या आवाजात हाक दिली, "हिरा! येक हंडा पानी आन गं!"

सगळे थबकले. हौशीराम आईकडे बघत राहिला. मुक्ताबाईंनी जीभ चावली.

पडवीतून, वाकळेच्या आतून, आवाज आला. महिना-सव्वा महिना ज्या पोरीच्या तोंडून शब्द काढायला आम्ही जिवाचं रान केलं होतं तिचा, खणखणीत, अंगणभर ऐकू जाईल असा.

"आत्याबाई, मी म्हायेरी आलेय!"

मग मुक्ताबाईंनी रिकामा हंडा कमरेवर घेतला आणि विहिरीकडे चालू लागल्या. माझ्या जवळून जाताना त्यांचे डोळे भरलेले होते आणि त्या हसत होत्या.